होडी कोणती चूक पोटात घालते?

ग्रीनलंडचे इनुइट शिकारी कयाक, म्हणजे सांगाड्यावर कातडं ताणलेली एकट्याची अरुंद होडी, बांधायचे ती स्वतःच्या अंगाच्या मापानं. लांबी तीन वाव, म्हणजे दोन्ही हात फैलावल्यावर होणाऱ्या अंतराच्या तिप्पट. रुंदी म्हणजे नितंबांची रुंदी आणि वर दोन मुठी. खोली म्हणजे एक मूठ आणि तिच्यावर ताठ उभा केलेला अंगठा. १.७ मीटर वाव असलेल्या माणसाला या हिशेबानं साधारण ५.१ मीटर लांब, ५३ सेंमी रुंद आणि १७-१८ सेंमी खोल होडी मिळते. सीलच्या कातड्याच्या जागी आता नायलॉन किंवा पॉलिस्टरचं कापड आणि त्यावर पॉलियुरेथेनचा लेप आला, तरी ही मापं आजही चालतात.

पण ती होडी आपल्याला पेलेल का? इथे आर्किमिडीज लागतो. माणूस ७५ किलो, होडी १५, सामान १०. या १०० किलोंना तरंगायचं तर गोडं पाणी बरोबर १०० लिटर बाजूला सरलं पाहिजे. समजा, पाण्याच्या रेषेवर होडी ४.८ मीटर लांब आणि ५० सेंमी रुंद आहे. बुडालेल्या भागाचे दर १२० सेंमीवर आडवे छेद काढायचे आणि आलेखाच्या कागदावर चौकोन मोजून त्यांची क्षेत्रफळं घ्यायची. दोन्ही टोकांना शून्य आणि मधे २१०, ४००, २२० चौरस सेंमी आली असं धरू. मधल्या तीन आकड्यांना अनुक्रमे ४, २, ४ नं गुणून बेरीज केली की २५२०. त्याला अंतराच्या एक तृतीयांशानं, म्हणजे ४० नं गुणलं की १,००,८०० घन सेंमी, जवळजवळ १०१ लिटर. जमलं! हा सिम्पसनचा नियम. याच जातीची युक्ती केप्लरनं १६१५ साली दारूच्या पिंपांसाठी मांडली होती. होडीही शेवटी दोन्हीकडे निमुळतं झालेलं पिंपच.

या आकड्यावर रात्र रात्र घासाघीस करणारे असतात. गरज नसते. पाण्याच्या रेषेवर या होडीचं क्षेत्रफळ साधारण १.५६ चौरस मीटर भरतं, म्हणजे तिला एक सेंटिमीटर खाली दाबायला जवळपास १६ किलो लागतात. वजनाचा अंदाज आठ किलोंनी चुकला तर फरक अर्ध्या सेंटिमीटरचा.

कापडाची गंमत वेगळीच. कागदावर सांगाड्याच्या दोन लांब पट्ट्यांमधली रेघ सरळ असते, पण ताणलेलं कापड तिथे आत खपाटीला जातं, आणि तेही होडी पाण्यात टाकण्याआधीच. लांबीच्या दिशेनं पट्ट्या बाहेर फुगलेल्या असतात, त्यामुळे त्या दिशेचा ताण कापडाला आत ओढतो. त्याला तोल द्यायला कापड आडव्या दिशेनं उलटं वाकतं आणि घोड्याच्या खोगिरासारखा आकार घेतं. वाकड्या तारेवर धरलेला साबणाच्या पाण्याचा पडदा असाच बसतो. तळाला पट्ट्यांच्या मधे कापडाचे २० सेंमी रुंदीचे दोन भाग असतील आणि प्रत्येक मध्यावर अर्धा सेंटिमीटर आत गेला, तर मधल्या छेदातून सुमारे १३ चौरस सेंमी जातात. म्हणजे तीन टक्के. होडी जेमतेम दोन मिलिमीटर जास्त बुडेल. हेही पोटात घातलं! फासळ्या, म्हणजे सांगाड्याचे आडवे आधार, मात्र आणखी आत ठेवायच्या. कापड फासळीला टेकलं की तिथे आडवा उंचवटा उठतो, पाणी अडतं आणि घासून कापडही तिथेच आधी झिजतं.

रुंदी मात्र माफ करत नाही. होडी कलल्यावर तिला सावरणारा जोर रुंदीच्या घनावर चालतो. ५० सेंमीचे ५५ केले, तर वाढ दहा टक्क्यांची, पण १.१ चा घन १.३३. त्यातून वजा होतो वल्हवणाऱ्याच्या गुरुत्वमध्याच्या उंचीचा वाटा, आणि उरतं ते स्थैर्य. ते सेंटिमीटरमध्ये मोजतात; जितकं जास्त, तितकी होडी स्थिर. आपल्या उदाहरणात ५० सेंमीला हे शिल्लक अंतर सहा सेंमीच्या आसपास येतं. ५५ ला ते दुपटीच्या वर जातं. म्हणजे पाच सेंटिमीटरमध्ये चंचल होडीची शांत होडी होते, किंवा उलट.

याच हिशेबात बैठकीची गादीही येते. बूड दुखतं म्हणून तीन सेंमी जाडीची गादी टाकली, तर ७५ किलोंचं शरीर तेवढं वर चढतं, आणि त्या सहा सेंमीतले दोन-सव्वादोन गादीच खाते.