टीएमसी झालं, मिलिग्रॅमचं काय?

मार्च सरला की बेळगाव जिल्ह्यातल्या चिकोडी, रायबाग, अथणी पट्ट्यात एकच विषय असतो: कृष्णेला पाणी कधी येणार. राजापूर बंधाऱ्यातून किती सुटलं, कोयना-वारणेतून आणखी किती मागितलंय, आलमट्टीत किती उरलंय. टीएमसी हा शब्द इथल्या शाळकरी पोरालाही पाठ आहे. १९७६ मध्ये लागू झालेला कृष्णा पाणीवाटपाच्या बच्चावत लवादाचा निवाडा असो की २०१० चा दुसऱ्या लवादाचा निकाल, सगळी वाटणी टीएमसीत. एक टीएमसी म्हणजे एक हजार दशलक्ष घनफूट, लिटरमध्ये सांगायचं तर सुमारे २,८३२ कोटी लिटर.

त्या लिटरांत काय विरघळलंय, हा प्रश्न मात्र मासे मरून तरंगले की चार दिवस चालतो आणि विरतो. याच पट्ट्यातल्या दूध संस्थेत कुणी नुसत्या लिटरवर दर मागून बघावा. फॅट किती, एसएनएफ (फॅट सोडून उरलेले घन घटक) किती, हे कळल्याशिवाय कॅन रिकामा होत नाही. नदीच्या बाबतीत आपण अजून लिटरवरच अडलोय.

एक साधा हिशेब करू. लिटरमागे एक मिलिग्रॅम हे प्रमाण ऐकायला नगण्य वाटतं. पण एक टीएमसी पाण्यात प्रत्येक लिटरला एखादा पदार्थ एक मिलिग्रॅम असेल, तर त्याचं एकूण वजन २८ टनांच्या वर जातं. उसाच्या फडातून निथळलेलं नायट्रेट असंच वाहून जातं, दिसत नाही, वास येत नाही. ते दिसायचं असेल तर मोजावं लागतं, आणि मोजण्यात बऱ्याच खोड्या आहेत.

सगळ्यात खोडकर आकडा विरघळलेल्या प्राणवायूचा. समुद्रसपाटीला ३० अंश सेल्सिअसच्या स्वच्छ पाण्यात जास्तीत जास्त साडेसात मिलिग्रॅमच्या आसपास प्राणवायू मावतो, २० अंशाला नऊच्या थोडा वर. म्हणजे पाणी जितकं तापेल तितकी श्वासाची शिल्लक कमी. त्यात आपल्याकडचे कोल्हापूर पद्धतीचे बंधारे. उन्हाळ्यात बरगे (बंधाऱ्याच्या गाळ्यांत बसवायच्या फळ्या) घातले की नदीची तळी होतात. साखर कारखान्याचं मळीमिश्रित पाणी किंवा गावाचं सांडपाणी त्यात उतरलं की जिवाणू ती घाण खाताना प्राणवायू संपवतात. खतातला नत्र आणि स्फुरद मिळाला की शेवाळ माजतं. दिवसा ऊन असेपर्यंत शेवाळ पाण्यात प्राणवायू सोडतं. दुपारी तीनला मोजलात तर आकडा उत्तम येईल, कधी कधी पाण्यात एरवी मावतो त्याहूनही जास्त. रात्री शेवाळ तयार काही करत नाही, उलट इतरांसारखाच श्वास घेतं. पहाटेपर्यंत शिल्लक तळाला जाते. मासे मरतात ते बहुधा या वेळी. वर केंदाळ पसरलेलं असेल तर आणखी वाईट, कारण तरंगती जलपर्णी ऊनही अडवते आणि हवेशी होणारी देवाणघेवाणही.

म्हणजे एकच बंधारा, एकच दिवस, दोन वेळा, दोन वेगळे निकाल. दोन्ही खरे. नमुना कधी घेतला हे लिहिलेलं नसेल तर त्या आकड्याला फारसा अर्थ नाही. कार्यालयीन वेळेत नमुने घेणाऱ्या कुठल्याही व्यवस्थेचं चित्र या बाबतीत जरा गुलाबीच येणार, हे माझं मत.

शिवाय बाटली. पाणी हापशाने प्लॅस्टिकच्या बाटलीत भरून संध्याकाळच्या एसटीने प्रयोगशाळेत पाठवलं तर तिथे मोजला जाईल तो वाटेतल्या हिसक्यांचा प्राणवायू. म्हणून काचेच्या घट्ट बुचाच्या बाटलीत, एकही बुडबुडा न राहू देता, नमुना नदीकाठीच 'बांधून' ठेवतात. ही रीत लायोश विंकलर या हंगेरियन रसायनशास्त्रज्ञाने १८८८ मध्ये दिली आणि आजही ती कसोटीची मानली जाते. मँगनीजचा क्षार आणि अल्कलीयुक्त आयोडाइड घातलं की प्राणवायू तपकिरी साक्यात अडकतो. मग आम्ल घालून आयोडीन मोकळं करायचं, स्टार्चने निळा रंग आणायचा, आणि थायोसल्फेटच्या किती थेंबांनी तो निळा उडाला ते मोजायचं. तपकिरी साका न येता तो पांढराच राहिला, तर पाण्यात प्राणवायू जवळपास नाहीच.

घाणीचा अंदाज देणारा बीओडी, म्हणजे ती घाण खाताना जिवाणूंना लागणारा प्राणवायू, हाही असाच. भारतात नमुना २७ अंशाला तीन दिवस ठेवतात, जगात अनेक ठिकाणी २० अंशाला पाच दिवस. दोन्हींचे आकडे साधारण जुळतात म्हणून ही सोय केली. पण कोणती पद्धत ते लिहिलं नाही तर पुढचा माणूस तुलना कशाशी करणार?

हीच अडचण जगाच्या पातळीवर सोडवायचं काम संयुक्त राष्ट्रांच्या पर्यावरण कार्यक्रमाकडे आहे. जगभरच्या गोड्या पाण्यावर देखरेख ठेवण्याचा त्यांचा प्रकल्प जुना. भारताच्या केंद्रीय प्रदूषण नियंत्रण मंडळानेही १९७८ मध्ये त्याच प्रकल्पाखाली नद्यांची २४ आणि भूजलाची ११ केंद्रं घेऊन सुरुवात केली. आज देशातली केंद्रं चार हजारांच्या वर आहेत आणि कर्नाटक व महाराष्ट्र या दोन्ही राज्यांच्या प्रदूषण मंडळांचे आकडे केंद्रीय मंडळाकडे जातात. २०१५ मध्ये संयुक्त राष्ट्रांची शाश्वत विकास उद्दिष्टं ठरली, त्यांच्या मोजमापासाठी पुढे ६.३.२ या क्रमांकाचा एक निर्देशक आला: देशातल्या किती जलसाठ्यांचं पाणी 'चांगलं' आहे? नद्या आणि तलावांसाठी पाच गोष्टी मोजायच्या: प्राणवायू, क्षारता, नत्र, स्फुरद आणि पीएच. विहिरी-बोअरसाठी तीनच: क्षारता, नायट्रेट, पीएच.

यादी एवढी आखूड का, असं वाटेल. कारण गरीब देशालाही जमलं पाहिजे. कीटकनाशकं किंवा औषधांचे अंश मोजायला कोट्यवधींची यंत्रं लागतात. क्षारता विजेच्या वहनावरून हातातल्या उपकरणाने मिनिटभरात कळते. तरीही २०२० च्या फेरीत ८९ देशांनी माहिती दिली, ७५ हजारांहून जास्त जलसाठ्यांची, आणि त्यात सर्वांत गरीब २० देशांचा वाटा हजारभर साठ्यांचा. त्यामुळे आयर्लंडमधल्या कॉर्क विद्यापीठात या देशांच्या कर्मचाऱ्यांना प्रशिक्षण दिलं जातं, जर्मनीतल्या कोब्लेंझमध्ये आकड्यांचं कोठार आहे, आणि ज्या देशाला स्वतः हिशेब जमत नाही त्याने कच्चे आकडे पाठवले तरी निर्देशक काढून मिळतो.

आता यातली मेख. घेतलेल्या मोजमापांपैकी ८० टक्के किंवा जास्त ठरलेल्या मर्यादेत असली की साठा 'चांगला'. समजा एका बंधाऱ्यावर वर्षात चार वेळा पाचही गोष्टी मोजल्या, एकूण २० आकडे. त्यातले चार नापास झाले तरी १६ पास, बरोबर ८० टक्के. ते नापास झालेले चारही आकडे प्राणवायूचे असू शकतात! मासा जगणार नाही असं पाणी कागदावर चांगलं ठरू शकतं. वर मर्यादा किती ठेवायची हेही ज्या-त्या देशाच्या हातात. नियम सोपा ठेवल्याची ही किंमत आहे, आणि मला ती मान्य आहे, फक्त 'चांगलं' या शिक्क्यासोबत मूळ २० आकडेही उघडे ठेवले पाहिजेत.

एककांचा घोळ तर याहून फसवा. भारतात पिण्याच्या पाण्यात नायट्रेटची मर्यादा लिटरला ४५ मिलिग्रॅम. पण काही प्रयोगशाळा नायट्रेट न लिहिता त्यातला नत्र लिहितात. त्या भाषेत हीच मर्यादा दहाच्या थोडी वर. एखाद्या बोअरचा अहवाल '३०' म्हणत असेल तर पहिल्या हिशेबाने ते पाणी ठीक, दुसऱ्या हिशेबाने मर्यादेच्या जवळपास तिप्पट. ज्या कागदावर नुसतं '३०' आहे तो परत पाठवावा.

आपल्याकडे दूधगंगा, वेदगंगा, हिरण्यकेशी, खुद्द कृष्णा या सगळ्या महाराष्ट्रातून येतात. दूधगंगा सदलग्यावरून पुढे चिकोडी तालुक्यातच कृष्णेला मिळते. निर्देशकाच्या भाषेत 'जलसाठा' म्हणजे नदीचा एक तुकडा. राज्याच्या हद्दीच्या वरचा तुकडा एका मंडळाचा, खालचा दुसऱ्याचा. वरच्यांनी दुपारी आणि खालच्यांनी आठवड्याने सकाळी नमुना घेतला, तर घाण कुणाची हे त्या आकड्यांवरून ब्रह्मदेवालाही सांगता येणार नाही. एकाच दिवशी, पाणी वरून खाली यायला जितके तास लागतात तितकं अंतर ठेवून घेतले, तर प्रवाहाच्या मोजमापाशी गुणून हद्द ओलांडणारे टन काढता येतात. मग वादाला निदान पाया राहतो. मार्कंडेय आणि मलप्रभेच्या बाबतीत ही सबब नाही. एकीवरचं राकसकोप धरण बेळगावला पाणी पाजतं, दुसरी खानापूर तालुक्यात कणकुंबीला उगवते. त्यांत जे जातं ते बहुतेक आपलंच.

या पाच गोष्टींत जंतू नाहीत, हे विसरू नये. निर्देशकानुसार चांगली असलेली नदी पिण्याजोगी असेलच असं नाही. केंद्रीय मंडळाच्या वर्गवारीत आंघोळीच्या पाण्यासाठी १०० मिलिलिटरमागे कोलिफॉर्म ५०० पर्यंत चालतात, ते वेगळं मोजावं लागतं. बेळगावचं सांडपाणी वाहणाऱ्या बळ्ळारी नाल्याच्या पाण्यावर पिकणाऱ्या भाजीचा प्रश्नही आधी जंतूंचा आहे, नत्राचा नंतर.

जलजीवन अभियानात प्रत्येक गावातल्या पाच महिलांना पाणी तपासणी किट वापरायला शिकवायचं ठरलं. त्यातली जंतूंची कुपी दूषित पाण्याने एक-दोन दिवसांत काळी पडते, नायट्रेट रंगावरून कळतं. नळाच्या पाण्यासाठी दिलेलं हे किट नदीवर न्यायला अडचण काय? सिएरा लिओनने सामान्य नागरिकांनी मोजलेले नत्र-स्फुरदाचे आकडे ६.३.२ साठी वापरले आहेत. किटची अचूकता प्रयोगशाळेइतकी नसते, पण दर आठवड्याला एकाच जागी, एकाच वेळी घेतलेला ढोबळ आकडा तिमाहीतून एकदा आलेल्या अचूक आकड्यापेक्षा बरंच काही सांगतो. सोबत साध्या वहीत लिहायचं: घाट कुठला, तारीख, तास, पाण्याचं तापमान, एकक, आणि बरगे घातलेले होते की काढलेले.