कोशकोनाँग : सही करून उभी राहिलेली नॉर्वेजियन मंडळी

विस्कॉन्सिनमधल्या मॅडिसन शहराच्या आग्नेयेला कोशकोनाँगचा गवताळ पट्टा आहे. 1840 पासून तिथे नॉर्वेजियन शेतकरी येऊ लागले. मायदेशी त्यांचा धर्म सरकारी कारभाराचाच भाग होता. जन्मलेले मूल आपोआप लुथरन (मार्टिन लूथरच्या प्रोटेस्टंट पंथाच्या) चर्चचे होई, पाळकाची, म्हणजे धर्मगुरूची, नेमणूक राजा करी. अमेरिकेत मात्र सगळे पंथ सारखे आणि सरकार अलिप्त. मंडळी, म्हणजे एका चर्चच्या सभासदांचा संघ, हवी असेल तर ती आपणच उभारायची, पाळकही आपणच पोसायचा.

1844 मध्ये योहान्नेस डीट्रिकसन हे चर्चची रीतसर दीक्षा घेतलेले पाळक आले. त्यांचा खर्च ख्रिस्तियानिया (आजचे ओस्लो) येथील एका रंगाऱ्याने उचलला होता. पहिल्या उपासना धान्याच्या कोठारात आणि ओकच्या झाडाखाली झाल्या. त्याच ऑक्टोबरमध्ये पूर्व आणि पश्चिम कोशकोनाँग अशा दोन मंडळ्या स्थापन झाल्या. ओंडक्यांची पश्चिमेकडची इमारत डिसेंबरात, तर पूर्वेकडची जानेवारी 1845 मध्ये अर्पण झाली.

आमच्या मते या इमारतींहून मोलाची आहे ती सभासद-नोंदणी. डीट्रिकसन यांनी प्रत्येकापुढे चार प्रश्न ठेवले. मंडळीत यायचे आहे का? नॉर्वेच्या चर्चची शिस्त पाळाल का? रीतसर दीक्षा झालेली नाही अशा कुणालाही पाळक म्हणून न स्वीकारता, स्वीकारलेल्या पाळकाचे विधीनुसार ऐकाल का? आणि या अटी मान्य म्हणून सही कराल, किंवा आपले नाव लिहू द्याल? तिसऱ्या प्रश्नाचा रोख एलिंग आयेल्सन यांच्यासारख्या हाउगे परंपरेतल्या (दीक्षेविना सामान्य माणसानेही उपदेश करावा असे मानणाऱ्या) फिरत्या उपदेशकांवर होता. रीतसर पाळक येण्याआधी वस्त्यांमध्ये बायबलचे वचन सांगत हिंडणारे हेच लोक होते.

पेच लगेच आला. बहिष्कृत केलेला एक माणूस उपासनेला येऊन बसला. डीट्रिकसन यांनी त्याला बाहेर काढायला लावले. त्याने फिर्याद केली आणि दंड पाळकांनाच झाला. नॉर्वेत पाळकाच्या पाठीशी कायदा असे. इथे त्याच्याकडे होती ती सभासदांची संमती, एवढीच. म्हणूनच मंडळीचे लेखी बोलावणे, म्हणजे मुदत, वेतन, घर, सणांचे दान यांचा करार, इतके महत्त्वाचे ठरले.

1853 मध्ये नॉर्वेजियन सिनोड, म्हणजे अनेक मंडळ्यांचा संघ, उभी राहिली. तिचे विद्यार्थी शिकायला सेंट लुइसच्या जर्मन मिसूरी सिनोडकडे जात. पुढे 1880 च्या दशकात याच संबंधातून वाद पेटला: तारणासाठी देवाने केलेली निवड केवळ कृपेने झाली, की त्याने माणसाचा विश्वास आधीच पाहून केली? सुमारे एक तृतीयांश मंडळ्या बाहेर पडल्या. पश्चिम कोशकोनाँगही दुभंगले. घराघरांत फूट पडली, आणि इमारत कुणाची, दफनभूमी कुणाची, असे प्रश्न उभे राहिले.

1912 च्या मॅडिसन समझोत्याने निवडीच्या शिकवणीच्या दोन्ही मांडण्या ग्राह्य धरल्या, आणि 1917 मध्ये बहुतेक नॉर्वेजियन लुथरन संघ एक झाले. या संघाने 1946 मध्ये आपल्या नावातला ‘नॉर्वेजियन’ शब्द काढला, तोवर उपासना बहुतेक ठिकाणी इंग्रजीत होऊ लागली होती.