जेरी ऑर्बाक

जेरी ऑर्बाक (२० ऑक्टोबर १९३५–२८ डिसेंबर २००४) हे अमेरिकन रंगभूमी व दूरचित्रवाणी गाजवणारे नट आणि गायक होते. ‘लॉ अँड ऑर्डर’ मालिकेतील डिटेक्टिव्ह लेनी ब्रिस्को म्हणून ते जगभर परिचित असले, तरी ही भूमिका त्यांच्याकडे पन्नाशी उलटल्यावर आली; त्याआधीची उमेदीची वर्षे मुख्यतः संगीत नाटकांत गेली होती आणि ब्रिस्कोची घडण तिथेच शोधावी लागते.

न्यूयॉर्कच्या ब्रॉन्क्स भागात जन्मलेल्या ऑर्बाक यांनी विद्यापीठातील शिक्षण अर्धवट सोडले व १९५५ मध्ये नाटकासाठी न्यूयॉर्क गाठले. पु. ल. देशपांडे यांनी ‘तीन पैशाचा तमाशा’ या रूपाने मराठीत आणलेल्या ‘थ्रीपेनी ऑपेरा’त बदली नट म्हणून सुरुवात करून ते नायक मॅकहीथपर्यंत पोहोचले. १९६० मध्ये ग्रिनिच व्हिलेजमधील एका छोट्या नाट्यगृहात ‘द फँटॅस्टिक्स’ सुरू झाले, तेव्हा त्यातील ‘ट्राय टू रिमेंबर’ हे गाणे प्रेक्षकांनी प्रथम ऐकले ते त्यांच्याच भरदार आवाजात. हे नाटक पुढे ४२ वर्षे अखंड चालले. ‘प्रॉमिसेस, प्रॉमिसेस’साठी त्यांना १९६९ चा टोनी हा अमेरिकन रंगभूमीवरील मानाचा पुरस्कार मिळाला, तर १९७५ मध्ये ‘शिकागो’तील धूर्त वकील बिली फ्लिन त्यांनी प्रथम रंगवला.

ऑर्बाक यांची भूमिका असलेल्या ‘फॉर्टी सेकंड स्ट्रीट’ या संगीत नाटकाच्या पहिल्या प्रयोगाची, २५ ऑगस्ट १९८० ची रात्र ब्रॉडवेच्या, म्हणजे न्यूयॉर्कच्या व्यावसायिक रंगभूमीच्या इतिहासात नोंदली गेली आहे. नाटक संपून टाळ्यांचा गजर चालू असतानाच निर्माते डेव्हिड मेरिक रंगमंचावर आले आणि दिग्दर्शक गोवर चँपियन यांचे त्याच दिवशी निधन झाल्याचे त्यांनी जाहीर केले. कलाकारांनाही ही बातमी तेव्हाच कळली. सगळे सुन्न होऊन उभे असताना पडदा पाडायला सांगण्याचे भान ऑर्बाक यांनी राखले.

‘लॉ अँड ऑर्डर’मध्ये १९९१ साली बचावपक्षाच्या वकिलाचे छोटे काम केल्यावर, १९९२ ते २००४ अशी बारा वर्षे ते ब्रिस्को झाले. दारूच्या व्यसनातून बाहेर पडलेला, दोनदा घटस्फोट झालेला हा पोलीस भागाच्या आरंभी मृतदेहापाशी उभा राहून एखादे कडवट वाक्य बोले आणि लगेच शीर्षकसंगीत सुरू होई. ते वाक्य हशा वसूल करण्यासाठी रेटायचे नाही आणि पुटपुटून वायाही घालवायचे नाही, हा तोल रोजच्या प्रयोगांत मुरलेल्या नटालाच साधतो.

प्रोस्टेटच्या कर्करोगाने आजारी असतानाही त्यांनी ‘ट्रायल बाय ज्युरी’ या संलग्न मालिकेचे चित्रीकरण केले. तिचे भाग त्यांच्या मृत्यूनंतर प्रसारित झाले. मॅनहॅटनमधील एका रस्त्याच्या कोपऱ्याला त्यांचे नाव देण्यात आले आहे. त्यांच्या इच्छेनुसार केलेल्या नेत्रदानामुळे न्यूयॉर्कमधील दोघांना दृष्टी मिळाली.