आधारपटल

त्वचा, श्वासनलिका, आतडे, ग्रंथी आणि रक्तवाहिन्या यांच्या आतील वा बाहेरील पेशीस्तरांखाली, तसेच स्नायुतंतू आणि मेदपेशी यांच्याभोवती प्रथिनांचे जे अतिशय पातळ, घट्ट विणीचे आवरण असते त्यास आधारपटल म्हणतात. डॉक्टरांच्या बोलण्यात आणि तपासणीच्या अहवालात ‘बेसमेंट मेम्ब्रेन’ हेच नाव आढळते. ठाणे-नवी मुंबईच्या वाचकाला त्यावरून इमारतीखालचे वाहनतळ आठवणे स्वाभाविक आहे, परंतु येथे अर्थ तळघर असा नसून बैठक असा आहे. हे पटल पेशींना खालच्या संयोजी ऊतकापासून वेगळे ठेवते आणि त्याच वेळी त्या ऊतकाशी जखडूनही ठेवते.

बहुतेक ठिकाणी त्याची जाडी ५० ते १०० नॅनोमीटर असते; मूत्रपिंडात रक्त गाळणाऱ्या सूक्ष्म रक्तवाहिन्यांच्या झुबक्यात, म्हणजे केशिकागुच्छात, मात्र ती ३०० नॅनोमीटरच्या वर जाते. पटलाचा मुख्य सांगाडा दोन जाळ्यांचा असतो. लॅमिनिन या प्रथिनाचे जाळे पेशीच्या पृष्ठभागावरील इंटेग्रिन या ग्राहक प्रथिनांना धरून राहते, तर चौथ्या प्रकारच्या कोलॅजेनचे जाळे ताण सोसते. निडोजेन आणि परलेकन ही प्रथिने या दोन्ही जाळ्यांना सांधतात. कोलॅजेनचे रेणू एकमेकांना ज्या गंधक-नायट्रोजन बंधाने जोडलेले असतात, तो २००९ मध्ये ओळखला गेला आणि तो घडण्यास ब्रोमीन आवश्यक असते हे २०१४ मध्ये दिसून आले. प्राण्यांच्या शरीरात ब्रोमीनचे अत्यावश्यक कार्य तोवर ठाऊक नव्हते.

आधारपटलाला केवळ अस्तर समजणे अपुरे आहे. पेशीची खालची बाजू कोणती आणि वरची कोणती, हे ठरण्यात त्याचा वाटा असतो आणि इजा झाल्यावर नव्या पेशींना जागेवर बसण्याचा मार्गही तेच दाखवते. पावसाळ्यात ठाणे जिल्ह्यात लेप्टोस्पायरोसिसचे रुग्ण आढळतात. त्यांपैकी काहींची मूत्रपिंडे अचानक निकामी होतात, तरीही वेळीच उपचार झाल्यास अनेकांची मूत्रपिंडे पुन्हा काम करू लागतात. मूत्रपिंडातील नलिकांच्या पेशी मेल्या तरी खालचे पटल शाबूत राहिले, तर उरलेल्या पेशी विभाजित होऊन त्यावरच पुन्हा पसरतात. पटलच तुटले, तर त्या जागी बहुधा व्रणऊतक तयार होते.

मधुमेहात या पटलाचे वर्तन वरकरणी कोड्यात टाकणारे असते. दीर्घकाळ वाढलेल्या साखरेमुळे केशिकागुच्छातील पटल जाड होत जाते, पण जाडी वाढली म्हणून गाळणी घट्ट होत नाही. प्रथिनांवर साखर चढते, विणीची रचना बिघडते, पटलावर बसलेल्या पेशींनाही इजा होते आणि रक्तातील अल्ब्युमिन हे प्रथिन लघवीत उतरू लागते. लघवीतील क्रिएटिनिन या टाकाऊ द्रव्याच्या दर ग्रॅममागे ३० मिलिग्रॅम किंवा अधिक अल्ब्युमिन सातत्याने आढळणे ही धोक्याची खूण मानली जाते. या अवस्थेत रुग्णाला काहीही त्रास जाणवत नाही. म्हणून साखर तपासून लघवीची ही साधी तपासणी टाळणे ही हळहळ वाटावी अशी चूक आहे, कारण डायलिसिसची वेळ लांबवण्याची खरी संधी याच टप्प्यावर असते.

अल्पोर्ट या डॉक्टरांनी १९२७ मध्ये वर्णन केलेल्या आनुवंशिक विकारात दोष कोलॅजेनच्या साखळ्यांत असतो. गर्भावस्थेतील विणीच्या जागी प्रौढ वीण येत नाही, पटल पुढे विरते व दुभंगते, लघवीतून रक्त जाते आणि हळूहळू ऐकूही कमी येते. गुडपाश्चर विकारात शरीराची प्रतिपिंडे याच कोलॅजेनवर हल्ला करतात. कोलॅजेनची ती साखळी मूत्रपिंड आणि फुप्फुस दोन्हींत असल्यामुळे दोन्ही अवयव एकदम सापडतात. लॅमिनिनच्या एका प्रकारात दोष असलेल्या बाळाची त्वचा साध्या स्पर्शानेही फोडाने सुटते. अशाच एका मुलाच्या शरीरावर, जनुक दुरुस्त केलेल्या त्याच्याच पेशींपासून वाढवलेली त्वचा बसवल्याचे २०१७ मध्ये प्रसिद्ध झाले आणि बाह्यत्वचेचा सुमारे ८० टक्के भाग त्यामुळे नवा झाला.

कर्करोगात आधारपटल ही निदानाची सीमारेषा ठरते. विकृत पेशी पटलाच्या वर असेपर्यंत रोग ‘जागेवरचा’ मानतात. ती मर्यादा ओलांडली की रोगाला आक्रमक म्हणतात, कारण रक्तवाहिन्या आणि लसिकावाहिन्या पटलाच्या पलीकडे असतात. कर्कपेशी कोलॅजेन विरघळवणारी विकरे सोडून वाट करतात, तसेच काही वेळा पटल ढकलून, फाडूनही पुढे जातात. खारघर येथील टाटा मेमोरियल सेंटरच्या अ‍ॅक्ट्रेक या संस्थेत मुखकर्करोगावर जे संशोधन झाले, त्यात पेशीला पटलाशी जखडणाऱ्या अर्धबंधांचा आणि पेशीच्या आतील केराटिन या तंतुमय प्रथिनांचा अभ्यास आहे. तंबाखू व सुपारीमुळे मुखकर्करोग हा आपल्याकडचा मोठा आजार असल्याने या अभ्यासाला विशेष महत्त्व आहे. गालातील पांढऱ्या चट्ट्यावरून खरवडून घेतलेल्या पेशींवरून पेशी बिघडल्याचे कळू शकते, परंतु पटल ओलांडले गेले की नाही हे सांगता येत नाही. त्यासाठी पटलाखालच्या ऊतकासह काढलेला तुकडाच तपासावा लागतो.