बेटांवरील जाळी विणणारे कोळी

समुद्राने वेढलेल्या जमिनीवर येऊन स्थिरावलेले कोळी, त्यांच्यापासून तिथेच घडलेल्या नव्या जाती आणि त्यांच्या जाळ्यांत झालेले बदल यांचा या विषयात समावेश होतो. हवाई द्वीपसमूहातील टेट्राग्नाथा ही कोळ्यांची प्रजाती (जवळच्या जातींचा गट) हे त्याचे सर्वांत बोलके उदाहरण आहे.

कोळ्याला पंख नसतात, तरी तो समुद्र ओलांडतो. लहान पिल्लू फांदीच्या टोकाला चढते, पाय ताठ करते, पोट वर उचलते आणि अतिशय बारीक धागे हवेत सोडते. वारा धाग्यांना धरतो आणि पिल्लू उचलले जाते. वारा नसतानाही हवेतील विद्युतक्षेत्र त्याला उचलू शकते, हे २०१८ साली प्रयोगातून दाखवण्यात आले. ऑगस्ट १८८३ च्या ज्वालामुखी उद्रेकाने इंडोनेशियातले क्राकाटोआ बेट होरपळून निघाले. नऊ महिन्यांनी तिथे गेलेल्या फ्रेंच मोहिमेला एकच सजीव सापडला, तो म्हणजे एक इवलासा कोळी. आणि तो जाळे विणत होता. मात्र येणे सोपे असले तरी टिकणे अवघड असते. आधाराला झुडूप, खायला कीटक आणि वंश वाढवायला जोडीदार, यांतले एकही नसेल तर आलेला कोळी तिथेच संपतो.

हवाई बेटे उत्तर अमेरिकेच्या मुख्य भूमीपासून सुमारे ३,८०० किलोमीटर दूर आहेत. त्यांतले कौआई सुमारे ५० लाख वर्षांचे आहे. त्यानंतर ओआहू, मोलोकाई, माउई अशी बेटे क्रमाने वर आली, तर सर्वांत मोठे हवाई बेट जेमतेम ५ लाख वर्षांच्या आसपासचे आहे. त्यामुळे उत्क्रांतीचे टप्पे इथे वयानुसार ओळीने मांडलेले दिसतात. टेट्राग्नाथा आपल्यालाही परका नाही. भातखाचरात पातीला लांब पाय ताणून चिकटलेला, पुढे आलेल्या जबड्यांचा सडपातळ कोळी याच प्रजातीतला. जगभर तो बहुधा पाण्याकाठी राहतो. हवाईत मात्र तो ओल्या डोंगरी जंगलात शिरला आणि त्याच्या कित्येक जाती झाल्या.

त्याचे जाळे रात्री विणले जाते. आधी चौकट आणि आरे होतात. मग आतून बाहेर विरळ, कोरड्या धाग्याचा तात्पुरता फेरा घातला जातो; ही कोळ्याची परांचीच म्हणायची. तिच्यावर पाय टेकत तो बाहेरून आत चिकट फेरे घालतो आणि कोरडा फेरा काढत जातो. शेवटी मध्यावरचे धागे तोडून तिथे भोक ठेवतो. हे उघडे केंद्र टेट्राग्नाथाची ओळख आहे. किती आरे, किती फेरे, फेऱ्यांत किती अंतर, हे जातीनुसार बदलते. एकाच जंगलात शेजारी राहणाऱ्या जातींची जाळी एकमेकांपासून स्पष्ट वेगळी असतात. उलट वेगवेगळ्या बेटांवरच्या, जवळचे नाते नसलेल्या जातींची जाळी सारखी निघतात. म्हणजे तीच घडण स्वतंत्रपणे पुन्हा पुन्हा झाली आहे. हवाईच्या कोळ्यांतली ही सर्वांत विलक्षण गोष्ट म्हणावी लागेल.

अशी मापे घेताना जाळ्यावर मक्याच्या पिठाची अगदी हलकी फूक मारतात, म्हणजे धागे पांढरे दिसतात. पीठ जास्त झाले तर जाळे झोळते आणि फेऱ्यांतले अंतर चुकीचे भरते. अर्धवट किंवा भक्ष्य अडकून फाटलेले जाळे मोजू नये. पिल्लांवरून जात ठरवता येत नाही. त्यासाठी प्रौढ कोळ्याच्या जबड्यावरचे दात पाहावे लागतात.

याच प्रजातीच्या एका शाखेने जाळे सोडूनच दिले. त्यांच्या पायांवर लांब काटे आहेत आणि ते रात्री फिरून शिकार करतात. त्यांच्यात पानांवरचे हिरवे, शेवाळावरचे तांबूस, मोठे तपकिरी आणि लहान तपकिरी असे चार प्रकार आढळतात.

एखाद्या जागी किती जाळी असतील हे बऱ्याचदा भक्षकांवर ठरते. बहामा बेटांत सरडे नसलेल्या लहान बेटांवर कोळ्यांची घनता सरडे असलेल्या बेटांच्या सुमारे १० पट असते. सरडे कोळी खातात आणि त्यांचे भक्ष्यही पळवतात. प्रशांत महासागरातल्या ग्वाम बेटावर दुसऱ्या महायुद्धानंतर आलेल्या तपकिरी वृक्षसर्पाने जंगलातले पक्षी जवळजवळ संपवले. तिथे पावसाळ्यात शेजारच्या बेटांपेक्षा ४० पटींपर्यंत अधिक कोळी मोजले गेले. कोरड्या हंगामात हा फरक दुपटीच्या थोडा वर राहतो.

हवाईला मूळच्या मुंग्या नाहीत. माणसाबरोबर आलेल्या मोठ्या डोक्याच्या मुंग्यांशी तिथल्या कोळ्यांचा पूर्वी कधी सामना झाला नव्हता. त्या मुंग्या पसरलेल्या सखल भागात स्थानिक टेट्राग्नाथा क्वचितच आढळतात.