उघडली खरी, पण सुटली का? चोरकप्प्यांच्या पेटीमागची पार्श्वभूमी

यंदा उन्हाळ्यात सांगलीत एका घरी आम्ही आठ-दहा जण एकाच लाकडी पेटीभोवती बसलो होतो. सागवानी, वीतभर लांब, बाहेरून ना कडी ना कुलूप. आत पाच चोरकप्पे. चार रीतसर निघाले. पाचव्यापाशी तासभर अडल्यावर एकाने वैतागून पेटी टेबलावर आपटली आणि कप्पा आपणहून बाहेर आला. तेव्हापासूनचा वाद अजून चालू आहे: पेटी उघडली हे खरं, पण ती सुटली का?

या भांडणाचं निम्मं मूळ नावात आहे. बोलावण्याच्या निरोपात पेटीला ‘गुप्तपेटी’ म्हटलं होतं. मला तो शब्द तेव्हाही खटकला होता. मराठीत ‘चोर’ पुढे लागला म्हणून वस्तू चोराची होत नाही, ती लपलेली होते: चोरखिसा, चोरदरवाजा, चोरकप्पा. (चोरवाट मात्र चोरालाही चालते.) अडत्याच्या गादीपुढच्या उतरत्या झाकणाच्या पेटीत असा कप्पा असे, आमच्या आजीच्या फणेरपेटीत आरशामागे होता. युक्ती साधीच, एक पट्टी सरकवली की झालं. घरातल्या एका-दोघांना ठाऊक असावं आणि बाकीच्यांना संशयही येऊ नये, एवढंच त्याचं काम. त्या बैठकीत कुणी सांगलीजवळच्या हरिपूरच्या पेवांचा दाखला दिला, तो गैरलागू आहे. जमिनीतली ती पेवं हळद लपवायला नव्हती. कीड लागू नये म्हणून हवाबंद ठेवायला होती.

आता समोरच्या पेटीत पाच चोरकप्पे आहेत हे बनवणाराच आधी सांगतो. मग ते गुप्त कसले? ती पेटी म्हणजे कोडं आहे, आणि कोडं उघडत नाही, सुटतं. निरगाठ कापली तर ती सुटली असं आपण म्हणत नाही. म्हणून आमच्यातल्या काहींचा आग्रह असा की कप्पा कसा निघाला हे सांगता आलं पाहिजे, पेटी पुन्हा मिटून पहिल्यासारखी करता आली पाहिजे आणि दुसऱ्यांदा उघडता आली पाहिजे. आपटणाऱ्यांच्या बाजूनेही एक मुद्दा आहे, तो पुढे येईल.

पेटी लपवण्याकडून खेळाकडे वळली ती ठळकपणे जपानात, हाकोने भागात. एदोहून (आजच्या टोकियोहून) क्योतोला जाणाऱ्या तोकाइदो रस्त्यावरचं हे घाटमाथ्याचं ठाणं. तिथे गरम पाण्याचे झरे आणि प्रवाशांची झडती घेणारं नाकंही होतं. रंगीबेरंगी लाकडांच्या काड्या चिकटवून ठोकळा करायचा आणि रंध्याने त्याचे कागदासारखे पापुद्रे काढून पेटीवर बसवायचे, ही कला तिथे एकोणिसाव्या शतकात रुजली. त्याच शतकाच्या उत्तरार्धात सरकत्या फळ्यांच्या पेट्या आल्या. एक बाजू दोनेक मिलिमीटर सरकली की दुसरीला वाट मिळते, शेवटी झाकण. पेटीचं माप ‘सुन’मध्ये, एक सुन म्हणजे सुमारे 3 सेंटिमीटर. चाली, म्हणजे पेटी उघडेपर्यंत फळ्या जितक्यांदा सरकवाव्या लागतात ते, 4, 7, 10, 21 आणि पुढे 72 वगैरे. चालींचा आकडा पाहून दबून जायचं कारण नाही. मोठ्या आकड्यात त्याच फळ्या पुन्हा पुन्हा हलतात. 1984 मध्ये जपान सरकारने लाकडी पापुद्र्यांच्या या जडावकामाला पारंपरिक हस्तकलेचा दर्जा दिला.

विसाव्या शतकाच्या अखेरीस सगळं बदललं. नक्षी मागे पडली आणि आतली यंत्रणा पुढे आली. आत सैल खिळी असते, पेटी उलटी धरली की ती खाली पडून फळी मोकळी होते. काही पेट्या भोवऱ्यासारख्या फिरवाव्या लागतात, म्हणजे खिळ्या बाहेरच्या बाजूला फेकल्या जातात. लोहचुंबक आले. आपटणाऱ्यांचा मुद्दा इथला: फिरवणं चालतं, टिचकी चालते, मग आपटणं का नाही? उत्तर इतकंच की टिचकी कुठे मारायची हे पेटीने कुठेतरी सुचवलेलं असतं. आता तर लेझरने कापलेल्या प्लायच्या पेट्या घरपोच येतात आणि त्या सोडवण्याचे व्हिडिओ पेटीआधीच पाहून झालेले असतात.

प्लाय फारशी फुगत नाही, हा तिचा मोठा गुण. आमची पेटी मिरजेत तंतुवाद्यं करणाऱ्या घरातल्या एका कारागिराने केलेली. वाळलेल्या भोपळ्याला आणि तुनीच्या लाकडाला सरावलेला हात. हवा बदलली की लाकूड लांबीत जवळपास तेवढंच राहतं, रुंदीत मात्र फुगतं, हे त्याला सांगावं लागत नाही. तरी एक पेटी महाबळेश्वरला पाहुण्यांकडे गेली आणि जुलैत तिची एक फळी हलेना. तीच पेटी आटपाडीच्या कोरड्या हवेत सुरळीत चालली. हाकोनेतली पेटी सांगलीत आणली तरी पहिल्या पावसाळ्यात ती अडखळू शकते. अशा वेळी जोर लावला की फळीची जीभ, म्हणजे खाचेत सरकणारी कड, तुटते.

आपटलेल्या पेटीचा पाचवा कप्पा आता पुरता आत बसत नाही, पोस्टकार्ड जाईल एवढी फट राहते. कारागिराने तिला पावसाळ्यात रंधा लावायला साफ नकार दिला. आत्ता तासली तर थंडीत ढिली होईल, दिवाळीनंतर आणा म्हणाला.