डायनॅमिक वेबपृष्ठांचे शैलीकरण

वाचकाची मागणी आल्यावर प्रोग्रॅमने त्या क्षणी तयार केलेले पृष्ठ संकेतस्थळाच्या इतर पृष्ठांसारखेच दिसावे, यासाठी केलेली योजना. शोधाचे निकाल, लॉगिननंतर उघडणारे पान, भरलेल्या अर्जाची पोच, त्रुटीचा संदेश ही अशा पृष्ठांची नेहमीची उदाहरणे. ती कोणत्याही फाइलीत आधीपासून लिहून ठेवलेली नसल्यामुळे एकेक पान घेऊन सजवण्याची सोय उरत नाही. पान ज्या साच्यातून निघते तो साचाच सजवावा लागतो.

1993 मध्ये एनसीएसए या अमेरिकी संगणन केंद्राच्या सर्व्हरमधून सीजीआय, म्हणजे सर्व्हरने बाहेरचा प्रोग्रॅम चालवून त्याचे उत्तर पृष्ठ म्हणून पाठवण्याची पद्धत, रूढ झाली, तेव्हा पृष्ठाचे एचटीएमएल, म्हणजे पृष्ठाची घडण सांगणाऱ्या खुणांची भाषा, थेट पर्ल किंवा सी भाषेतल्या प्रोग्रॅममध्ये, छपाईच्या आज्ञांतून लिहिले जाई. रंग, अक्षरांचा आकार, तक्त्यांच्या कडा हे सगळे कोडच्या पोटात. संकेतस्थळाचे रूप बदलले की हाताने लिहिलेली पाने नवी दिसत आणि शोधाचे निकाल मात्र जुन्याच वेषात येत. सर्व्हर साइड इन्क्लूड्समुळे, म्हणजे पान पाठवताना सर्व्हरने त्यात दुसऱ्या फाइलीचा मजकूर घालण्याच्या सोयीमुळे, साध्या पानांना सामायिक शीर्षपट्टी आणि तळपट्टी जोडता येऊ लागली, पण अपाचे सर्व्हरच्या 1.3 आवृत्तीपर्यंत सीजीआयने दिलेल्या मजकुरावर ही प्रक्रिया चालतच नसे. 2002 मध्ये स्थिर झालेल्या 2.0 आवृत्तीतील फिल्टरांनी ती अडचण दूर केली. तोवर बहुतेकांनी पीएचपी या वेबसाठीच्या प्रोग्रॅमिंग भाषेची वाट धरली होती.

यातून सुटका झाली ती दोन वेगळ्या दिशांनी. होकून व्हियूम ली यांनी ऑक्टोबर 1994 मध्ये सीएसएसचा, म्हणजे दिसण्याचे नियम लिहिण्याच्या भाषेचा, प्रस्ताव मांडला आणि डिसेंबर 1996 मध्ये वेबची मानके ठरवणाऱ्या डब्ल्यूथ्रीसी या संस्थेने त्याची पहिली पातळी शिफारस म्हणून जाहीर केली; दिसण्याचे नियम मजकुरापासून वेगळे झाले. दुसरीकडे टेम्पलेट, म्हणजे पृष्ठांचे साचे, आले. रासमुस लेर्डोर्फ यांनी 1995 मध्ये खुल्या केलेल्या पीएचपीत एचटीएमएलच्या मधेच कोड लिहिता येई आणि वरची-खालची पट्टी वेगळ्या फाइलींतून ओढून घेता येई. 2005 हे वर्ष या बाबतीत विशेष भरीचे. वर्डप्रेस या संकेतस्थळे चालवण्याच्या प्रणालीच्या 1.5 आवृत्तीत थीम, म्हणजे रूपाचे तयार संच, आल्या, मायक्रोसॉफ्टच्या एएसपी डॉट नेटच्या 2.0 आवृत्तीत मास्टर पेज, म्हणजे सर्व पानांचा सामायिक साचा, आले आणि त्याच वर्षी प्रसिद्ध झालेल्या जँगो या पायथन भाषेतल्या वेब-चौकटीने टेम्पलेटचा वारसा रूढ केला. वारशाच्या पद्धतीत मूळ टेम्पलेट संपूर्ण पृष्ठाचा सांगाडा धरून ठेवतो आणि त्यात नाव दिलेले रिकामे भाग सोडतो. प्रत्येक पृष्ठ आपापला भाग भरते. तुकडे जोडण्याच्या पद्धतीपेक्षा ही अधिक भरवशाची, कारण शीर्षपट्टीत उघडलेला टॅग तळपट्टीत बंद करायला विसरण्याचा प्रश्नच येत नाही.

एकच स्टाइलशीट, म्हणजे सीएसएस नियमांची फाइल, जोडली की रूप जुळते, हा समज मात्र चुकीचा आहे. स्टाइलशीट काम करते ती टॅग, क्लास (घटकांच्या गटाला दिलेले नाव) आणि त्यांची घडण यांच्या आधारावर. प्रोग्रॅम वेगळी घडण देत असेल तर नियम लागू होतच नाहीत. प्रोग्रॅमने डॉक्टाइपची, म्हणजे पानाचा प्रकार सांगणारी सर्वांत वरची, ओळ गाळली तर ब्राउझर क्वर्क्स मोडमध्ये, म्हणजे जुन्या ब्राउझरांसारखे पान दाखवण्याच्या अवस्थेत, जातो. त्या मोडमध्ये तक्त्याला बाहेरच्या मजकुराचा अक्षर-आकार आणि रंग वारशाने मिळत नाही, त्यामुळे स्टाइलशीट तीच असूनही निकालांचा तक्ता परका दिसतो. मार्गाची चूक याहून साधी आणि याहून नेहमीची: स्टाइलशीटचा पत्ता सापेक्ष लिहिला असेल आणि प्रोग्रॅमने बनवलेले पृष्ठ दोन पायऱ्या खोल पत्त्यावर उघडत असेल, तर ब्राउझर ती फाइल भलत्याच जागी शोधतो आणि पान उघडेबोडके दिसते.

परक्या घटकांचे दुखणे वेगळे. तयार प्लगइन (बाहेरून आणून जोडलेला भाग) स्वतःचे आयडी (एकाच घटकाला दिलेली नावे) आणि ओळीतल्या ओळीत लिहिलेल्या शैली घेऊन येते. सीएसएसच्या प्राधान्यक्रमात आयडी क्लासवर मात करतो आणि ओळीतली शैली दोघांवर. मग जिथे-तिथे नियमाला इतरांवर मात करू देणारी ‘इम्पॉर्टंट’ची खूण लावण्याचा मोह होतो, आणि वर्षभरात स्टाइलशीट कोणालाच उलगडेनाशी होते. 2022 मध्ये प्रमुख ब्राउझरांत आलेल्या कॅस्केड लेयरमुळे, म्हणजे नियमांना प्राधान्याचे थर देण्याच्या सोयीमुळे, परक्या शैली खालच्या थरात ठेवता येतात; ओळीतल्या शैलींवर मात्र त्यांचाही इलाज चालत नाही. आयफ्रेमच्या, म्हणजे पानात बसवलेल्या दुसऱ्या पानाच्या, आत बाहेरची स्टाइलशीट पोहोचतच नाही. शॅडो डॉमच्या, म्हणजे घटकाच्या बाहेरच्या पानापासून झाकलेल्या अंतर्गत रचनेच्या, आतही बाहेरचे सिलेक्टर (नियम कोणत्या घटकांना लागू ते सांगणारे भाग) चालत नाहीत, पण सीएसएसचे कस्टम गुणधर्म, म्हणजे आपण नाव देऊन ठेवलेली चले, वारशाने आत झिरपतात. म्हणून रंग, अंतरे आणि अक्षरांची मापे अशा चलांत ठेवण्याची रीत पडली आहे.

आराखडा काढताना नमुन्याचा मजकूर नेहमी नीटनेटका असतो. डेटाबेसमधला तसा नसतो. शीर्षक कधी एका शब्दाचे, कधी चार ओळींचे येते, चित्र गायब असते, यादी रिकामी असते. मोडता न येणारा लांब पत्ता अरुंद स्तंभ फोडून बाहेर जातो. उंची पक्की बांधली तर मजकूर कापला जातो, ओळींमधले अंतर आवळले तर देवनागरीच्या मात्रा आणि उकार एकमेकांना भिडतात. संपादकाने वर्ड प्रोसेसरमधून चिकटवलेला मजकूर स्वतःचे फॉन्ट सोबत आणतो. तो साठवण्यापूर्वीच गाळून घेणे हा खरा उपाय. दिसण्याच्या पातळीवर केलेली डागडुजी पुरत नाही.

त्रुटीच्या पानाकडे सर्वांत शेवटी लक्ष जाते. अपाचेमध्ये एररडॉक्युमेंट या सूचनेने स्वतःचे पान दाखवता येते. जुना इंटरनेट एक्सप्लोरर मात्र असे पान 512 बाइटांहून लहान असले की ते टाकून स्वतःचाच संदेश दाखवी. सर्व्हर कोसळल्याचे पान टेम्पलेट आणि डेटाबेसवर विसंबून ठेवण्यात अर्थ नाही, कारण ते दाखवायची वेळ बहुधा त्याच गोष्टी बंद पडल्यावर येते. अशा पानाची शैली पानातच लिहून साधी स्थिर फाइल ठेवतात. पुनरावृत्ती येथे क्षम्य आहे. मात्र रूप बदलताना ती फाइल हाताने बदलावी लागते.

कॅशमुळे, म्हणजे पुन्हा वापरण्यासाठी साठवून ठेवलेल्या प्रतींमुळे, होणारी विसंगती सहज सापडत नाही. नवे टेम्पलेट सर्व्हरवर चढते आणि वाचकाच्या ब्राउझरमध्ये जुनी स्टाइलशीट साठून राहिलेली असते. त्यावर फाइलीच्या नावातच मजकुरावरून काढलेली खूण घालतात: मजकूर बदलला की नाव बदलते आणि ब्राउझरला नवी फाइल आणावीच लागते. उलट, तयार पृष्ठेही कॅशमध्ये ठेवली जात असतील तर ती जुन्याच नावाची फाइल मागत राहतात, म्हणून नवी आवृत्ती चढवल्यावर जुन्या स्टाइलशीट काही काळ सर्व्हरवर तशाच राहू देतात.